नफ्यावरची सवलत आणि विसाव्या तारखेची रोकड

प्रश्न : चिंचोटीला हायवेलगत आमचा प्लास्टिकच्या झाकणांचा गाळा आहे. मी आणि माझा चुलतभाऊ अशी भागीदारी. मोल्डिंगची चार मशीनं, नऊ माणसं. 2019 मध्ये मंदी होती तेव्हा टीव्हीवर सांगत होते की सरकारने उद्योगांचा कर इतका कमी केलाय की आता गुंतवणूक धो धो येणार. आमचे सीए म्हणाले, तुमचा यात काही संबंध नाही. पुढे करोनात गाळा बंद राहिला, तेव्हा तर नफ्याचाच पत्ता नव्हता. मंदीत कर कमी केला की धंदे वाढतात हे कुणी नीट मोजून पाहिलंय का? आणि खरोखर वाढत असतील, तर आमच्यासारख्या गाळेवाल्यांपर्यंत ते का पोहोचत नाही?
ता. क. : आम्ही भागीदारी मोडून प्रायव्हेट लिमिटेड करावी का?
— एक वाचक, चिंचोटी (ता. वसई, जि. पालघर)

उत्तर : मोजून पाहिलंय, आणि गेल्या वीस वर्षांत फार बारकाईने पाहिलंय. पण आधी तुमच्या सीएंचं म्हणणं बघू, कारण ते अगदी बरोबर होतं आणि पुढचा सगळा मुद्दा त्यातूनच निघतो.

ती घोषणा 20 सप्टेंबर 2019 ची. जीएसटी परिषदेची बैठक त्या दिवशी गोव्यात होती आणि अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी बैठकीआधी पणजीतच पत्रकारांना बोलावून कंपनी कराचा नवा दर सांगितला. ज्या कंपन्या इतर सवलती सोडतील त्यांना 22 टक्के, अधिभार आणि उपकर धरून 25.17 टक्के. 1 ऑक्टोबर 2019 नंतर स्थापन होणाऱ्या नव्या उत्पादक कंपन्यांना 15 टक्के. वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, असा अंदाज त्याच दिवशी दिला गेला. सेन्सेक्स एका दिवसात 1,900 अंकांहून जास्त वर गेला.

हा दर कंपन्यांचा होता. तुमची आहे भागीदारी फर्म. फर्मला नफ्यावर सरळ 30 टक्के आणि वर उपकर, म्हणजे 31.2 टक्के लागतात. तो दर त्या दिवशी तसाच राहिला. एकट्या मालकाच्या धंद्याला त्याच्या व्यक्तिगत उत्पन्नाचे टप्पे लागतात, तेही हलले नाहीत. वालीव, सातिवली, गोखिवरे, कामण या पट्ट्यात गाळ्यांच्या पाट्या वाचत गेलात तर किती ठिकाणी ‘एंटरप्रायझेस’, ‘इंडस्ट्रीज’, ‘अँड सन्स’ दिसतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. यातले बहुतेक मालकीचे किंवा भागीदारीचे धंदे असतात.

पण समजा तुम्ही तेव्हा प्रायव्हेट लिमिटेड असता, तर काय मिळालं असतं? इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जुलै 2019 च्या अर्थसंकल्पातच 400 कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना 25 टक्के दर दिला गेला होता आणि त्यात देशातल्या 99.3 टक्के कंपन्या येतात, असं अर्थमंत्र्यांनी भाषणात सांगितलं होतं. एक कोटीच्या आत नफा असलेल्या छोट्या कंपनीला त्या हिशेबाने उपकरासह 26 टक्के कर पडत होता. सप्टेंबरच्या नव्या दराने तो 25.17 झाला असता. म्हणजे एक टक्काही नाही. उरलेल्या 0.7 टक्के बड्या कंपन्यांचा दर मात्र जवळपास 35 वरून 25.17 वर आला. मंदीतला तो मोठा उपाय मुळात त्यांच्यासाठी होता.

मग त्यांनी काय केलं? पहिल्या दोन वर्षांत या कपातीमुळे सुमारे 1 लाख 84 हजार कोटींचा महसूल सोडावा लागला, हे संसदेच्या अंदाज समितीच्या 2022 च्या अहवालात आलं. त्यानंतर 2023-24 च्या आर्थिक पाहणीत 33,000 हून अधिक कंपन्यांचे हिशेब तपासून एक निरीक्षण नोंदवलं गेलं. 2019-20 ते 2022-23 या काळात करपूर्व नफा जवळपास चौपट झाला, पण नोकरभरती आणि पगार त्या वेगाने वाढले नाहीत. यंत्रसामग्रीतली खाजगी गुंतवणूकही रेंगाळली, असं पाहणीने स्पष्ट म्हटलं. सरकारच्याच दस्तऐवजात हे लिहिलेलं आहे, म्हणून मी त्याला वजन देतो. यात करोनाचा मोठा गोंधळ मिसळलेला आहे, त्यामुळे सगळं खापर त्या एका कपातीवर फोडता येणार नाही, हेही खरं.

तरी गुंतवणूक रेंगाळण्याचं एक कारण 2019 च्याच आकड्यांत उघड दिसतं. रिझर्व्ह बँक दर तिमाहीला कारखान्यांच्या क्षमतेचा वापर मोजते. सप्टेंबर 2019 च्या सुमारास तो 69 टक्क्यांच्या आसपास होता. दहातली तीन मशीनं रिकामी असताना अकरावं मशीन कोण घेईल? 2020 च्या एप्रिल ते जून या काळात तर तो 47.3 टक्क्यांवर आला. ऑर्डर नसताना कर कमी झाला की पैसा बँकेत राहतो, कर्ज फेडायला जातो किंवा लाभांशात जातो. अमेरिकेत 2003 मध्ये लाभांशावरचा कर मोठा कमी केला होता. डॅनी यागन या अर्थशास्त्रज्ञाने नंतर कंपन्यांच्या विवरणपत्रांवरून पाहिलं, तर गुंतवणुकीत आणि पगारांत त्याचा काहीच परिणाम सापडला नाही.

म्हणजे मंदीत करसवलत निरुपयोगी, असा निष्कर्ष काढायचा का? नाही. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं संशोधन वाटतं ते इथेच.

एरिक झ्विक आणि जेम्स मॅहन या दोघांनी 2017 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेने दोन मंद्यांमध्ये, 2001 नंतर आणि पुन्हा 2008 नंतर, कराचा दर तसाच ठेवून वेगळी सूट दिली होती: नवं यंत्र घेतलं तर त्याच्या घसाऱ्याचा मोठा भाग पहिल्याच वर्षी वजा करा. एकूण वजावट तेवढीच राहते, फक्त ती आधी मिळते. पुस्तकी हिशेबाने हा फायदा किरकोळ दिसतो. पण त्यांनी सव्वा लाखाच्या आसपास फर्मच्या कर-नोंदी तपासल्या तेव्हा पात्र यंत्रांमधली गुंतवणूक पहिल्या खेपेला सरासरी 10.4 टक्के आणि दुसऱ्या खेपेला 16.9 टक्के वाढलेली निघाली. त्यातही छोट्या फर्मचा प्रतिसाद बड्यांच्या जवळपास दुप्पट होता. शिवाय ज्या फर्मला त्या वर्षी कर भरायचा होता, म्हणजे ज्यांची रोकड लगेच वाचत होती, त्यांनीच यंत्रं घेतली. ज्यांचा फायदा पुढच्या वर्षांवर गेला, त्यांच्यावर असर जवळपास नव्हता.

छोट्या धंद्याचं गणित जाणणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. बड्या कंपनीला बँक, बाजार, परदेशी कर्ज असे दहा दरवाजे उघडे असतात. पाच वर्षांनी मिळणारा रुपया ती आजच्या रुपयात बदलून घेऊ शकते. गाळेवाल्याला ते जमत नाही. म्हणून त्याच्यासाठी करसवलतीत ‘किती’ला जेवढं महत्त्व, त्याहून ‘कधी’ला जास्त. मंदीतल्या प्रत्येक उपायाकडे मी याच नजरेने बघतो.

आपल्याकडे हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. जानेवारी 2009 मध्ये, जगभरच्या मंदीत, सरकारने नव्या व्यावसायिक वाहनांवर पहिल्या वर्षी 50 टक्के घसारा दिला आणि त्याची मुदत सप्टेंबर 2009 अखेरपर्यंत वाढवली. चिंचोटी फाट्यावरून भिवंडीकडे वळणाऱ्या ट्रकांची रांग रोज बघणाऱ्याला त्या सुटीचा अर्थ समजावून सांगायला नको. ऑगस्ट 2019 मध्येही वाहनांवरचा घसारा वाढवला होता. पुढच्याच महिन्यात जी मोठी कपात आली, तिने मात्र उलटी दिशा धरली. 22 टक्क्यांचा दर हवा असेल तर यंत्रांवरचा जादा घसारा सोडा, अशी त्यात अट आहे.

हा जादा घसारा तुमच्या कामाचा आहे. उत्पादन करणाऱ्याला नव्या यंत्रावर नेहमीच्या 15 टक्क्यांखेरीज पहिल्या वर्षी आणखी 20 टक्के वजावट मिळते, आणि ती भागीदारी फर्मलाही मिळते. 20 लाखांचं मोल्डिंग मशीन वर्षाच्या पहिल्या सहामाहीत सुरू केलंत तर 3 लाखांऐवजी 7 लाख वजा होतात. तुमच्या 31.2 टक्क्यांच्या दराने त्या वर्षीचा कर सुमारे 2 लाख 18 हजारांनी कमी होतो. साध्या घसाऱ्यात तो 93,600 रुपयांनीच कमी झाला असता. अर्थात त्यासाठी त्या वर्षी नफा असायला हवा.

आणि मंदीत नेमका तोच नसतो. करोनात तुमच्या फर्मला तोटा झाला असेल, तर आपल्या कायद्यात तो पुढच्या आठ वर्षांच्या नफ्यातून वजा करता येतो. मागे नेता येत नाही. मागे नेणं म्हणजे 2018-19 च्या नफ्यावर भरलेला कर 2020-21 च्या तोट्यापोटी परत मिळणं. अमेरिकेत अनेक वर्षं ही सोय होती, करोनात ती पाच वर्षांपर्यंत मागे नेऊन पुन्हा सुरू केली गेली. ब्रिटनमध्ये एक वर्षाची सोय कायम आहे, करोनाकाळात ती तीन वर्षांपर्यंत वाढवली. हा पैसा अनुदान नाही. चांगल्या दिवसांत तुम्हीच भरलेला कर वाईट दिवसांत, ज्या महिन्यात माणसांचे पगार द्यायचे आहेत त्या महिन्यात, परत येतो. झ्विकच्याच दुसऱ्या अभ्यासात मात्र असा परतावा ज्यांना मिळू शकत होता त्यातल्या 37 टक्केच फर्मनी तो मागितलेला आढळला. नियम किचकट होते आणि छोट्यांचे सल्लागार त्यात पडत नव्हते. म्हणून भारतात कधी ही सोय आली तर ती एका पानाच्या फॉर्ममध्ये यायला हवी, नाहीतर वसईच्या गाळ्यांपर्यंत येईपर्यंत तिचा दम निघून जाईल.

आता रोकडीच्या दुसऱ्या बाजूकडे येतो. प्राप्तिकर वर्षातून काही वेळा भरायचा, जीएसटी दर महिन्याला. तुम्ही पार्टीला 10 लाखांचा माल दिलात, वर 18 टक्क्यांनी 1 लाख 80 हजार जीएसटी लावला. प्लास्टिकचा दाणा 6 लाखांचा घेतला होता, त्यावरच्या 1 लाख 8 हजारांचं क्रेडिट मिळालं. उरलेले 72 हजार पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरायचे. पार्टीचं पेमेंट येणार 90 दिवसांनी, मंदी असेल तर 120. म्हणजे न मिळालेल्या पैशावरचा कर तुम्ही खिशातून भरला. उशीर झाला तर 18 टक्के व्याज. तिकडे पार्टीने तुमच्या बिलावरचं क्रेडिट वापरूनही टाकलेलं असतं. 180 दिवसांत तुमचं बिल चुकवलं नाही तरच तिला ते परत करावं लागतं. सहा महिने सरकारी नियमच बड्या खरेदीदाराला छोट्या पुरवठादाराच्या पैशावर बसू देतो, आणि मला ही आपल्या करव्यवस्थेतली सगळ्यात अन्यायाची जागा वाटते.

हे असंच असायला हवं असं नाही. ब्रिटनमध्ये साडेतेरा लाख पौंडांपर्यंत उलाढाल असलेला धंदा व्हॅट पैसे हातात आल्यावर भरण्याचा पर्याय घेऊ शकतो. आपल्याकडेही एप्रिल 2012 पासून सेवाकरात 50 लाखांपर्यंतच्या मालकी आणि भागीदारी धंद्यांना असाच पर्याय होता. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि तो गेला. कंपोझिशन योजना आहे, पण तुमच्यासारख्या, दुसऱ्या कारखान्याला माल देणाऱ्याला ती परवडत नाही. त्यात खरेदीदाराला क्रेडिट मिळत नाही, म्हणून तो दुसरीकडे जातो.

पेमेंट लवकर आलं तर खरंच काय होतं, हेही मोजलेलं आहे. सप्टेंबर 2011 मध्ये अमेरिकी सरकारने आपल्या छोट्या कंत्राटदारांची बिलं 30 ऐवजी 15 दिवसांत चुकवायला सुरुवात केली. कराचा दर बदलला नाही, नवं कर्ज दिलं नाही, फक्त पंधरा दिवस वाचले. जाँ-नोएल बारो आणि रमणा नंदा यांनी त्याचा परिणाम तपासला तेव्हा त्या फर्मचा पगारखर्च वाढलेला दिसला. लवकर मिळालेल्या प्रत्येक डॉलरमागे सुमारे दहा सेंट पगारात गेले. जिथे बेकारी जास्त होती तिथे फायदा जास्त झाला. जिथे माणसं मिळणंच कठीण होतं, तिथे एका फर्मने घेतलेला माणूस दुसऱ्या फर्मकडून आलेला होता. मंदीच्या काळासाठी हा निष्कर्ष किती मोलाचा आहे, हे वेगळं सांगायला नको.

भारतात करकायद्यातून याच दिशेने एक पाऊल पडलं. व्यापारी ज्याला ‘43बी(एच)’ म्हणतात तो नियम 2023-24 या आर्थिक वर्षापासून लागू झाला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत दिली नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल तेव्हाच वजावट. 45 दिवसांची मुदत 2006 च्या एमएसएमई कायद्यात पहिल्यापासून आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याजाची तरतूदही त्यातच आहे. पण तुमच्यासारखा पुरवठादार ज्या पार्टीवर अर्धा गाळा चालतो तिच्याविरुद्ध तक्रार कशी करणार? नव्या नियमाचं बळ यात आहे की तुम्हाला तक्रार करावी लागत नाही. पार्टीचा सीएच मार्चअखेर तिला बिलं चुकती करायला सांगतो. 2024 च्या सुरुवातीला व्यापारी संघटनांनी याला मुदतवाढ मागितली. नियम टोचल्याशिवाय असं होत नाही.

करोनात छोट्या धंद्यांसाठीचा सर्वांत मोठा उपाय कराचा नव्हता, हमीचा होता, तेही इथे नोंदवायला हवं. मे 2020 मध्ये तीन लाख कोटींची आपत्कालीन कर्जहमी योजना आली. 29 फेब्रुवारी 2020 ला जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या 20 टक्के जादा कर्ज, तारण न देता, सरकारच्या पूर्ण हमीवर. स्टेट बँकेच्या संशोधन विभागाच्या अंदाजाने सुमारे साडेतेरा लाख उद्योग त्यामुळे तगले. जर्मनीचा मार्ग वेगळा आहे. 2009 मध्ये तिथलं उत्पादन पाच टक्क्यांहून जास्त घसरलं तरी बेकारी फारशी वाढली नाही. कामाचे तास कमी करून माणसं ठेवली तर पगारातल्या तुटीचा मोठा भाग सरकार भरून देतं, आणि त्या वर्षी सुमारे पंधरा लाख कामगार त्या योजनेखाली होते. आपल्याकडे 2020 मध्ये शंभरपर्यंत कामगार असलेल्या काही आस्थापनांचा पीएफचा पूर्ण 24 टक्के वाटा सरकारने काही महिने भरला. पण तुमच्या गाळ्यात नऊ माणसं. पीएफची सक्ती वीस माणसांपासून सुरू होते. तिथेही दार तुमच्यापर्यंत येण्याआधीच बंद झालं.

आणखी एक गोष्ट, तुम्ही विचारली नाहीत तरी. तुमचा गाळा भाड्याचा असेल तर ती लागू पडेल. स्थानिक करसवलतीचा लाभ शेवटी कुणाला होतो हे सुआरेझ सेराटो आणि झिदार यांनी अमेरिकेतल्या राज्यांवर तपासलं. सुमारे 40 टक्के धंद्याच्या मालकांना, 30 ते 35 टक्के कामगारांना आणि 25 ते 30 टक्के जमीनमालकांना, म्हणजे भाड्यात. याच हायवेने पुढे गेलं की दमण आणि सिल्वासा लागतात. विक्रीकर आणि प्राप्तिकराच्या सुटीवर तिथे एकेकाळी केवढे प्लास्टिक आणि यार्नचे कारखाने उभे राहिले ते तुमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. अशा सुटीने कारखाने नुसते जागा बदलतात की नवे निघतात? रितम चौरे यांनी 2003 च्या उत्तराखंड आणि हिमाचलच्या सवलतींचा अभ्यास केला, तर तिथे रोजगार, उत्पादन आणि कारखान्यांची संख्या वाढलेली दिसली, आणि शेजारच्या राज्यांतून कारखाने उठून आल्याचा पुरावा मिळाला नाही. माझा स्वतःचा कल या सवलतींच्या विरुद्ध होता. हा अभ्यास वाचल्यावर मी तेवढं ठामपणे बोलत नाही.

तर मंदीत तुमच्यासारख्यांसाठी सरकारने काय करावं, असं मला विचारलंत तर मी तीन मागण्या करीन. जीएसटी पैसे आल्यावर भरण्याचा पर्याय, निदान पाच कोटींच्या उलाढालीपर्यंत. तोटा दोन वर्षं मागे नेऊन भरलेला कर परत. आणि यंत्रावरचा घसारा मंदीच्या वर्षात पहिल्याच वर्षी पूर्ण, मग दर फर्मचा असो वा कंपनीचा. तिजोरीला यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या मागणीचा खर्च मुख्यतः उशिराचा आहे, कायमच्या नुकसानीचा नाही. 2019 च्या कपातीशी ताडून बघितलं तर तो फार थोडा ठरेल, याची मला खात्री वाटते.

ता. क. चं उत्तर. नुसत्या दरासाठी कंपनी करू नका. 31.2 आणि 25.17 मधला फरक मोठा दिसतो, पण भागीदारीत तुम्हा दोघांचा पगार आणि भांडवलावरचं 12 टक्क्यांपर्यंतचं व्याज कायद्याने ठरलेल्या मर्यादेत आधी वजा होतं. त्यावर तुमच्या व्यक्तिगत टप्प्यांनी कर लागतो, आणि उरलेला नफा तुमच्या हातात करमुक्त येतो. कंपनीतून पैसा लाभांश म्हणून काढलात तर एप्रिल 2020 पासून त्यावर तुमच्या हातात पुन्हा कर आहे. नफा गाळ्यातच ठेवून तो वाढवायचा असेल, मोठं कर्ज किंवा बाहेरचा भागीदार आणायचा असेल, तर कंपनी जरूर करा. आणि पुढचं मशीन घ्यायचं ठरलं असेल तर (कंपनी केली असेल तर जादा घसारा मिळेल असा दर निवडून) सप्टेंबरअखेर ते सुरू होईल अशी ऑर्डर द्या.

त्याआधी दोन कामं याच महिन्यात करा. तुमचा उद्यम नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा, म्हणजे पार्टीच्या सीएला तुमचं बिल 45 दिवसांच्या यादीत घालता येईल. आणि तोट्याच्या वर्षाचं विवरणपत्र शेवटच्या तारखेच्या आत भरलं होतं का ते सीएंना विचारा. उशिरा भरलं असेल तर धंद्याचा तोटा पुढे नेता येत नाही, पण न वापरलेला घसारा तरीही नेता येतो, आणि त्याला आठ वर्षांची मर्यादाही नाही.